कॅन्टनीज संभाषणातील आश्चर्योद्गार : स्वरूप आणि कार्य

प्रास्ताविक

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगून झाल्या की, सर्वांत शेवटी केवलप्रयोगी अव्ययांचा उल्लेख येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि तेथून आजच्या शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत हा क्रम फारसा बदललेला नाही. ‘अबब’, ‘बापरे’, ‘अरेच्चा’, ‘ओहो’ यांची यादी द्यावयाची, त्यांपुढे ‘आश्चर्यदर्शक’ असे लिहावयाचे आणि प्रकरण संपवावयाचे, अशी ही रीत आहे. हे शब्द वाक्याचे घटक नसतात, ते वाक्याबाहेर उभे असतात, हे या मांडणीमागील कारण होय. वाक्य हे व्याकरणाचे एकक मानल्यास ते कारण योग्यही ठरते. परंतु संभाषण हे एकक मानले तर हेच शब्द काठावरून मध्यभागी येतात. प्रस्तुत लेखात कॅन्टनीज भाषेच्या दैनंदिन संभाषणातील आश्चर्योद्गारांच्या आधारे या गोष्टीचे विवेचन करावयाचे आहे.

कॅन्टनीज ही चिनी भाषासमूहातील ‘यूए’ शाखेची प्रमुख बोली. चीनच्या ग्वांगडोंग व ग्वांगशी प्रांतांत, हाँगकाँग व मकाव येथे, तसेच क्वालालंपूर, व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतील स्थलांतरितांत ती बोलली जाते. हाँगकाँगच्या २०२१ च्या जनगणनेत पाच वर्षांवरील सुमारे ८८ टक्के लोकांनी ती आपली नित्याची भाषा असल्याचे नोंदविले. मुंबईकरांना या शाखेचा एक दूरचा शेजारही लाभलेला आहे. माझगावातील ‘सी यूप’ मंदिर ग्वांगडोंगमधील ज्या चार परगण्यांच्या नावाने ओळखले जाते, तेथील बोली याच यूए शाखेतील आहे. शहरी कॅन्टनीजशी ती पूर्णतः एकरूप मात्र नाही.

कॅन्टनीजची निवड करण्यामागे एक विशेष कारण आहे. ही सुरांची भाषा आहे. तीत सहा सूर असून सुराच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो. मराठी बोलणारा मनुष्य आश्चर्य व्यक्त करताना आवाज हवा तसा चढवू वा उतरवू शकतो. ‘हो’ हा एकच शब्द स्वीकार, शंका, विस्मय आणि उपहास अशा चारही अर्थांनी उच्चारता येतो. ज्या भाषेत आवाजाची चढउतार शब्दार्थासाठी आधीच राखून ठेवलेली आहे, तेथे बोलणाऱ्याने आश्चर्य दाखवावे कसे?

उच्चारांविषयी थोडेसे

पुढील उदाहरणे देवनागरीत दिली आहेत व सूर आवश्यक तेथेच शब्दांत सांगितला आहे. एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते. इंग्रजी भाषकाला कॅन्टनीज शिकताना ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद कष्टाने शिकावा लागतो. मराठी माणसाला अल्पप्राण-महाप्राण भेद पाळण्यातला आहे. ‘चमचा’तील दंतमूलीय ‘च’ सुद्धा त्याच्याजवळ आहे. रोमन लिपीपेक्षा देवनागरी या भाषेशी अधिक जुळते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. (ओष्ठदंत्य ‘फ’ मात्र आपल्या लिपीत महाप्राण ‘फ’हून वेगळा दिसत नाही, हा दोष मान्य करावयास हवा.)

ओळखीचे वाटणारे अपरिचित

कॅन्टनीजमधील प्राथमिक उद्गार, म्हणजे ज्यांना उद्गारापलीकडे दुसरा उपयोग नाही असे शब्द, मराठी कानाला प्रथमदर्शनी परिचित वाटतात. हा परिचयच फसवा आहे.

‘वा’ हा उद्गार घ्या. मराठीत ‘वा!’ ही दाद आहे. गाण्याच्या मैफलीत, भोजनाच्या पंगतीत, चांगल्या शेरावर ती दिली जाते. कॅन्टनीज ‘वा’ मध्ये प्रशंसा येऊ शकते, पण ती त्याची अट नव्हे. घरभाडे ऐकून ‘वा’, अपघाताची बातमी ऐकून ‘वा’, दारात अचानक मोठा कुत्रा दिसला तरी ‘वा’. अपेक्षेपेक्षा मोठे, महाग, भयंकर वा सुंदर असे जे काही समोर येते त्याचे माप या उद्गाराने घेतले जाते. प्रमाण ओलांडले गेले एवढेच तो सांगतो. ते इष्ट की अनिष्ट हे प्रसंगावरून ठरते. या दृष्टीने तो आपल्या ‘वा’पेक्षा ‘अबब’च्या अधिक जवळ आहे. कोणा कॅन्टनीज मनुष्याने आपल्या आजारपणाची हकीकत ऐकून ‘वा’ म्हटले, तर मराठी माणसाने दुखावले जाण्याचे कारण नाही.

‘आइ-या’ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मराठी ‘अय्या’ हा परंपरेने स्त्रियांच्या बोलण्यातला उद्गार असून त्यात कौतुक, लाज, लडिवाळपणा यांची छटा असते. ‘आइ-या’ स्त्रीपुरुष, आबालवृद्ध सर्वांच्या तोंडी आहे आणि त्याचा कल नाराजीकडे आहे. किल्ली घरात विसरली, बस चुकली, पायाला ठेच लागली, मुलाने भांडे पाडले, की ‘आइ-या’. आश्चर्य येथे आहेच, पण ते ‘हे व्हायला नको होते’ अशा जातीचे आहे. यावरूनच त्याचा एक सौजन्यपर उपयोगही निघतो. पाहुण्याने भेटवस्तू पुढे केली की यजमान ‘आइ-या, सइ मत् कम् हाक्-हेइ’ असे म्हणतो. म्हणजे, एवढा उपचार कशाला? भेट येणार हे त्याला बहुधा ठाऊक असते. तरीही ती अनपेक्षित होती, आपण तिची वाट पाहत नव्हतो, असे दाखविणे हा शिष्टाचार आहे. मराठी घरातील ‘अहो, हे कशाला आणलंत?’ ऐकलेल्याला याचे स्पष्टीकरण नको.

‘यी’ हा आखूड, चढत्या सुरातला उद्गार काहीतरी वेगळे नजरेस आल्याची खूण आहे. ‘यी, नेइ चिन् चॉ थउ-फात् आ?’ म्हणजे ‘अरेच्चा, केस कापलेस का?’ यात विस्मयापेक्षा कुतूहल अधिक असून समोरच्याने खुलासा करावा असे सुचविलेले असते. हाच ध्वनी लांबवून, सूर बदलून उच्चारला तर मात्र त्यात किळस उतरते, आणि तेथे तो आपल्या ‘ईऽ’च्या शेजारी येऊन बसतो.

‘छे’ हा आपल्याकडे नकार आहे, तेथे तो तुच्छतेचा उद्गार आहे. कोणी मोठ्या अपेक्षेने बातमी सांगावी आणि ऐकणाऱ्याने उंच सुरात ‘छे’ म्हणावे, याचा अर्थ ‘त्यात काय मोठंसं!’ असा होतो. म्हणजे हा आश्चर्याचा उद्गार नसून आश्चर्य नाकारण्याचा उद्गार आहे. त्यासाठी भाषेने स्वतंत्र शब्द राखून ठेवावा यावरूनच आश्चर्य दाखविणे ही श्रोत्याची जबाबदारी कशी समजली जाते हे दिसते.

‘छॉइ’ हा उद्गार या यादीत बसवावा की नाही याविषयी मतभेद होऊ शकतील. कोणी अभद्र बोलले, विशेषतः चांद्र नववर्षाच्या दिवसांत मृत्यू वा नुकसान यांचा उच्चार झाला, की ऐकणारा चटकन ‘छॉइ!’ म्हणतो व त्यास ‘ताइ कत् लेइ सी’ या मंगलवचनाची जोड देतो. धक्का आणि त्याचे निवारण एकाच श्वासात होते. ‘शुभ बोल नाऱ्या’ या म्हणीतला भाव हाच. फरक इतका की आपण त्यासाठी म्हण वापरतो आणि कॅन्टनीज भाषक एका अक्षरात काम भागवितो.

दुय्यम उद्गारांत, म्हणजे मूळचे अर्थवान शब्द उद्गार म्हणून वापरले जातात त्यांत, मरणाचा संचार बराच आहे. ‘सेइ ला’ (मेलो), ‘हाक् सेइ ङॉ’ (घाबरून मेलो), ‘सेइ-फॉ’ (आग विझली; म्हणजे गाडीचे इंजिन बंद पडले, यावरून ‘आता आली पंचाईत’). आपल्या ‘मेलो!’ आणि ‘अगबाई, मेले!’शी यांचे नाते सांगावयास नकोच. अपशब्दांचाही या कामी पुष्कळ वापर होतो आणि त्यांची सौम्य केलेली रूपेही रूढ आहेत. तो विषय येथे सोडून देतो.

आश्चर्य : दोघांनी मिळून केलेली कृती

आश्चर्योद्गार म्हणजे मनातील भावनेचा आपोआप झालेला स्फोट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अर्विंग गॉफमन यांनी १९७८ मध्ये या समजुतीला प्रथम जोरदार हादरा दिला. ठेच लागल्यावर एकटा असतानाही माणूस उद्गारतो खरा, पण तो उद्गार आसपासच्या लोकांना आपली स्थिती कळावी अशा बेताने घडविलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. जॉन हेरिटेज यांनी १९८४ मध्ये इंग्रजीतील ‘ओ’ या उद्गाराचे विश्लेषण करून दाखविले की, तो उच्चारणारा ‘मला हे ठाऊक नव्हते, आता ठाऊक झाले’ असा आपल्या ज्ञानस्थितीतील बदल जाहीर करतो. स्यू विल्किन्सन आणि सेलिया किट्झिंगर यांचा २००६ चा अभ्यास एक पाऊल पुढे जातो. आश्चर्याची प्रतिक्रिया बोलणारा आधीच्या काही वाक्यांपासून तयार करत आणतो आणि ऐकणारा योग्य जागी ती पुरवितो. हे सर्व अभ्यास इंग्रजी संभाषणांवरील असले, तरी त्यांची दृष्टी कॅन्टनीजला लावली असता बरेच काही उलगडते.

पुढील संवाद विवेचनासाठी रचलेला आहे. त्यातील प्रत्येक वाक्प्रयोग मात्र नित्याचा आहे. दोन सहकारी बोलत आहेत.

अ : यिप्-चू यउ का चोउ. (घरमालकाने पुन्हा भाडे वाढविले.)
ब : हा? यउ का? (आँ? पुन्हा वाढविले?)
अ : का चॉ साम छिन. (तीन हजारांनी वाढविले.)
ब : वा! साम छिन! (बापरे! तीन हजार!)
अ : चुङ् यिउ हा कॉ यूत् हेइ थिम. (आणि तेही पुढच्या महिन्यापासून.)
ब : यउ मोउ काउ छॉ आ! (काय चाललंय काय!)

‘ब’ने तीन वेळा आश्चर्य व्यक्त केले, पण तिन्ही वेळा काम निराळे आहे. पहिला ‘हा?’ चढत्या सुरातला. न ऐकू आलेले पुन्हा विचारण्यासाठी कॅन्टनीज भाषक हाच शब्द वापरतो. येथे ‘ब’ला ऐकू आलेले आहे, त्याने ते लगेच उच्चारूनही दाखविले. तरी ‘न ऐकल्याचे’ रूप घेतल्यामुळे बातमी विश्वास बसू नये इतकी मोठी ठरते आणि ‘अ’ला तपशील देण्यास वाव मिळतो. दुसरा ‘वा’ प्रश्न विचारत नाही, मूल्यमापन करतो. आकडा मोठा आहे यावर आता दोघांचे एकमत झाले. हे एकमत झाल्यावरच ‘अ’ आपली मुख्य तक्रार, मुदतीची, पुढे आणतो. तिसरा उद्गार शब्दशः ‘चूक झाली आहे की नाही?’ असा आहे. त्याचा रोख ‘अ’कडे नाही, अनुपस्थित घरमालकाकडे आहे, त्याने ‘ब’ने बाजू घेतली. हेच शब्द सरळ ‘अ’ला उद्देशून उच्चारले असते तर ती खरमरीत कानउघाडणी ठरली असती. रोख कोणाकडे हे शब्दांत कोठेही नाही, आधीच्या पाच वाक्यांत आहे.

आता ‘ब’ने पहिल्याच वाक्यानंतर खालच्या सुरात, सपाटपणे नुसते ‘ऑ’ म्हटले असते तर? व्याकरणदृष्ट्या काहीच बिघडले नसते. बातमी पोहोचली एवढी पोच त्याने दिली असती. पण तीन हजारांचा आकडा बहुधा निघालाच नसता, आणि ‘अ’च्या मनात ‘याला माझ्या अडचणीचे काही नाही’ असा ग्रह झाला असता. परभाषक विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच असते. तो शब्दसंग्रह आणि सूर परिश्रमपूर्वक शिकतो, समोरचे वाक्य समजून घेतो, आणि समजले म्हणून मान डोलावतो. आकलन उत्तम असूनही तो कोरडा समजला जातो. हाँगकाँगमध्ये घरकामासाठी येणाऱ्या इंडोनेशियन वा फिलिपिनी स्त्रियांना ज्या घरात दिवसरात्र राहावयाचे असते, त्या घरातील वृद्धांशी बोलताना हा कोरडेपणा अधिक बोचरा ठरणे स्वाभाविक आहे. वृद्धांच्या गोष्टी बहुधा पुन्हा पुन्हा ऐकलेल्या असतात आणि तरीही दर वेळी ‘वा’ अपेक्षित असतो.

वाक्याच्या शेपटातले आश्चर्य

सुरांच्या भाषेत आश्चर्य दाखवावे कसे, या प्रश्नाचे एक उत्तर वरील उद्गारांत मिळते: त्यांना कोशातल्या शब्दासारखा सूर पक्का चिकटलेला नसतो. ‘वा’ उंच, मध्यम वा खाली घसरत जाणारा असू शकतो आणि हवा तितका लांबविता येतो. यूएन रेन छाव यांनी चिनी सूर आणि वाक्याची स्वरधाटी यांच्या संबंधाला मोठ्या लाटांवर स्वार झालेल्या लहान तरंगांची उपमा दिली होती. उद्गारात लहान तरंग जवळजवळ नाहीसे होतात व लाट तेवढी उरते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. कॅन्टनीजमध्ये वाक्याच्या अखेरीस येणाऱ्या लघु अव्ययांचे मोठे भांडार आहे; मूळ रूपेच तीसच्या आसपास मोजली जातात व ती एकमेकांना जोडूनही येतात. हेलन क्वोक यांनी १९८४ मध्ये, के. के. लूक यांनी १९९० मध्ये आणि स्टीफन मॅथ्यूज व व्हर्जिनिया यिप यांनी १९९४ च्या आपल्या बृहद् व्याकरणात त्यांची दखल घेतली आहे. मराठी आवाज चढवून जे साधते त्यातील बरेचसे येथे या अव्ययांवर सोपविलेले आहे. ‘मे’ हे उंच सुरातील अव्यय प्रश्नाला अविश्वासाची धार देते: ‘नेइ म् ची मे?’ म्हणजे ‘तुला ठाऊक नाही? (असे कसे?)’ खालच्या सुरातील ‘आ’ नुकत्याच लागलेल्या शोधाची खातरजमा करून घेतो. ‘क्वा’ने शंका ठेवली जाते: ‘म् हइ क्वा!’ हे शब्दशः ‘नसावे बहुधा’ असे मवाळ विधान आहे, प्रत्यक्षात ‘काय सांगतोस!’ इतके जोरदार. ‘वॉ’ मध्यम सुरात असता ‘हे लक्षात घेण्याजोगे आहे हं’ असे सुचवितो. तोच चढत्या खालच्या सुरात उच्चारला की ‘असे तो म्हणतो बुवा’ असा ऐकीव माहितीचा अर्थ होतो. स्कॉट डीलान्सी यांनी १९९७ मध्ये अनपेक्षित ज्ञानाच्या व्याकरणिक खुणेला एक स्वतंत्र कोटी मानावे असा विचार मांडला, तेव्हापासून अशा अव्ययांकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळ बदलली आहे.

वरील संवादातील ‘थिम’ मला या सर्वांत मनोवेधक वाटते. त्याचा मूळ अर्थ ‘भर घालणे, आणखी’. ‘म् केइ तक् ताइ चे थिम’ म्हणजे ‘छत्री आणायची विसरलोच की!’ येथे कशातही भर पडलेली नाही. मनात धरलेल्या हिशेबात एक नकोशी बाब वाढली आहे. मराठीतील ‘त्यात आणखी’, ‘वर पुन्हा’ यांचा प्रवास याच दिशेने झालेला दिसतो, मात्र आपल्याकडे ते वाक्याच्या आरंभी राहिले. याच्या उलट ‘मत्’ (काय) हा शब्द कॅन्टनीजमध्येही आरंभीच येतो: ‘मत् नेइ तोउ हइ तोउ आ?’ ‘काय, तूही इथे?’ एखाद्या भाषांतरकाराला असे आयते वाक्य क्वचितच मिळते.

लेखन आणि जतन

या उद्गारांची लिपीतील अवस्था त्यांच्या सामाजिक स्थानाचे चित्र आहे. औपचारिक लेखन प्रमाण चिनीत, म्हणजे मँडरिनवर आधारलेल्या रूपात करावयाचे आणि ते कॅन्टनीज उच्चाराने वाचावयाचे, ही हाँगकाँगची शालेय परंपरा. निबंधात बोलीतला शब्द आला तर तो खोडला जातो. बोलीच्या लेखनासाठी लोकांनी एक युक्ती काढली: समान उच्चाराचे एखादे चिन्ह घ्यावयाचे आणि त्याच्या डाव्या बाजूस तोंड दर्शविणारा छोटा चौकोन जोडावयाचा. ‘केवळ ध्वनी घ्यावा, अर्थ घेऊ नये’ असा त्याचा संकेत. ‘मे’ या अव्ययाचे चिन्ह असे तोंड आणि मेंढी मिळून झाले आहे. ‘हा’चे तोंड आणि ‘खाली’ मिळून. अशी अनेक चिन्हे संगणकाच्या प्रचलित संचांत नव्हती. हाँगकाँग शासनाने १९९९ मध्ये पूरक चिन्हसंच प्रसिद्ध केला तेव्हा कॅन्टनीजच्या लेखनासाठी लागणाऱ्या चिन्हांना त्यात स्थान मिळाले.

जुलै २०१० मध्ये ग्वांगझू शहरात स्थानिक दूरचित्रवाणीचे कार्यक्रम कॅन्टनीजऐवजी मँडरिनमध्ये करावेत अशी सूचना पुढे आली आणि तिच्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले. वादाचा भर बातम्या व करमणुकीच्या भाषेवर होता. उद्गारांचा प्रश्न त्याहून वेगळ्या प्रकारे कठीण आहे. विज्ञानाची वा कायद्याची परिभाषा पुस्तकातून परत मिळविता येते, कारण ती पुस्तकात असते. ‘थिम’ केव्हा म्हणावा आणि ‘वॉ’ कोणत्या सुरात, हे कोणत्याही शाळेत शिकविले जात नाही. ते आईवडिलांच्या व आजीआजोबांच्या बोलण्यातून मुलाच्या कानी पडते. शाळेत मँडरिन बोलणारे मूल घरीही मँडरिनमध्येच उत्तर देऊ लागले, तर आधी जाते ते हेच, आणि ते गेल्याची नोंदही कोठे होत नाही.

म्हणूनच के. के. लूक यांनी १९९७-९८ मध्ये हाँगकाँगमधील प्रत्यक्ष संभाषणे व रेडिओवरील कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून जो संग्रह सिद्ध केला, त्याचे मोल मोठे आहे. सुमारे २ लाख ३० हजार शब्दांच्या या संग्रहात प्रत्येक शब्दाची जात आणि सुरासह उच्चार नोंदलेला आहे. व्याकरणकार ज्यांना वाक्याबाहेर ठेवतात त्या उद्गारांनाही तेथे इतर शब्दांप्रमाणेच स्वतःची खूण आणि सुराचा आकडा मिळाला आहे.